कुळकायद्याच्या कागदांतील चुका व त्यांची दुरुस्ती

जमिनीचा हक्क कायद्याने मिळतो, पण तो दाखवावा लागतो कागदावर. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत असे घडले आहे की हक्क खरा, कसणारे हात खरे, परंतु अर्जातील एक आकडा चुकला, एका वारसाचे नाव राहिले, आणि प्रकरण दहा-वीस वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. पुष्कळदा असेही होते की चूक लक्षात आल्यावर घरचे लोक घाबरतात आणि ती झाकण्याचा प्रयत्न करतात. वस्तुतः कायद्याने चुका दुरुस्त करण्याची सोय ठेवलेली आहे. चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून, योग्य दाराने, वेळेत आणि उघडपणे दुरुस्ती मागितली तर बहुतेक चुका सुधारतात. उशीर आणि लपवाछपवी मात्र लहान चुकीचीही मोठी करतात. एवढे एकच सूत्र या लेखात समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

थोडी पार्श्वभूमी

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कसणाऱ्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ हा कायदा झाला. त्यात १९५६ साली मोठी सुधारणा होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो, काही अटींना अधीन राहून, कलम ३२ अन्वये त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरते आणि ती भरल्यावर कलम ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा समजले जाते.

दुसरीकडे, १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला आणि महार वतनाच्या जमिनी रक्कम भरून घेऊन नव्या शर्तीने पुन्हा देण्यात आल्या. याच काळात आपल्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याच्या आंबे गावचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्यापैकी काही घरे कुळ म्हणून या कायद्यात येतात, तर काही घरे वतनाच्या जमिनीचे मालक म्हणून येतात. त्यामुळे अर्जदार असो वा जाबदेणार, कागद वाचता येणे आणि त्यातील चूक ओळखता येणे ही दोघांचीही गरज आहे.

अर्जात काय काय असावे लागते?

कुळकायद्याचे प्रकरण तहसीलदारांपुढे (कायद्याच्या भाषेत मामलेदार) किंवा शेतजमीन न्यायाधिकरणापुढे चालते. कलम ७१ प्रमाणे अर्जात पुढील गोष्टी पाहिजेत :

(१) अर्जदार व जाबदेणार यांचे नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण.
(२) जमिनीचे थोडक्यात वर्णन व ती कोठे आहे, किंवा रकमेची मागणी असल्यास रक्कम.
(३) तक्रारीचे कारण कोणत्या परिस्थितीत घडले.
(४) कागदपत्रांची व साक्षीदारांची यादी.

कलम ७२ प्रमाणे या चौकशीला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ ची कार्यपद्धती लागते, आणि त्यात जेथे तरतूद नाही तेथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आधार घेतला जातो. दुरुस्तीचे जे नियम दिवाणी दाव्याला लागतात, त्यांचा उपयोग येथेही होतो तो यामुळेच.

निकाल विरुद्ध गेल्यास कलम ७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे (प्रत्यक्षात बहुधा अधिकार दिलेल्या प्रांताधिकाऱ्यांकडे) अपील आणि त्यानंतर कलम ७६ प्रमाणे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. दोन्हींची मुदत कलम ७९ प्रमाणे ६० दिवसांची आहे. हा ६० चा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

चुका तीन प्रकारच्या

सोयीसाठी चुकांचे तीन गट करता येतील. पहिली लिहिण्यातील चूक, दुसरी माणसांची चूक आणि तिसरी मागणीची चूक.

पहिला प्रकार : लिहिण्यातील चूक

बँकेच्या काउंटरवर पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि आधार कार्ड एकत्र समोर येतात, तेव्हा या चुका सर्वांत आधी दिसतात. त्यांतील नेहमीच्या अशा :

नाव : जुन्या दफ्तरात आजोबांचे नाव 'म्हादू वल्द सखाराम' असे असते, शाळेच्या दाखल्यात 'महादेव' असते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी आडनावे व नावे बदलली. वतनाच्या कागदात आडनावाऐवजी जातच लिहिलेली असते. त्यामुळे एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे होतात. यात लबाडी कोणाचीच नसते, पण समोरचा पक्ष 'हा तो माणूस नव्हेच' असे म्हणायला मोकळा होतो. अशा वेळी अर्जात सुरुवातीलाच 'म्हादू उर्फ महादेव' असे लिहावे, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि जुन्या-नव्या कागदांची साखळी जोडावी.

जमिनीचा क्रमांक : जमीन एकत्रीकरणात (१९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा) जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. खरेदी प्रमाणपत्रावर जुना सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर अशी स्थिती सर्रास आढळते. केवळ एकच क्रमांक लिहिल्यास दुसरा कागद निरुपयोगी ठरण्याची भीती असते. यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या नंबरचा नवा गट दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा घ्यावा व अर्जात दोन्ही क्रमांक द्यावेत. चतुःसीमाही अवश्य लिहाव्यात. आकडा चुकला तरी पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर या चार सीमांवरून जमीन ओळखता येते.

क्षेत्र : एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. जुन्या कागदावर २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे, असेल तर आजच्या हिशेबाने ते सुमारे ०.९१ हेक्टर होतात. परंतु घाईत लिहिणारा माणूस '२-१०' हा आकडा तसाच उचलून हेक्टरच्या रकान्यात '२.१०' लिहितो. २ हेक्टर १० आर म्हणजे पाच एकरांहून जास्त! मग शेजारी हरकत घेतो, मोजणी मागवली जाते आणि दोन तारखांचे काम दोन वर्षांवर जाते.

जुनी संक्षिप्त अक्षरे : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या सातबाऱ्यावर व फेरफारावर नावापुढे 'अ.पा.क.' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक अज्ञान मूल असून हा फक्त त्याचा पालक आहे. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचे असले तरी हक्क सगळ्या कुटुंबाचा. 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची पत्नी. नक्कल उतरवताना ही दोन-तीन अक्षरे गळाली की चुलता पालकाचा मालक होतो आणि थोरला भाऊ मॅनेजरचा एकटाच खातेदार होतो. अक्षरे तीनच, पण त्यांत पूर्ण हिस्सा असतो. म्हणून केवळ संगणकाचा उतारा पाहून अर्ज लिहू नये. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची व मूळ फेरफाराची नक्कल काढून ती अक्षरशः ताडून पाहावी. नाशिक जिल्ह्याचे पुष्कळ जुने अभिलेख आता स्कॅन झालेले असून संगणकावरूनही मिळतात.

लिहिण्यातील चूक दुरुस्त करणे सर्वांत सोपे. समोरच्या पक्षाचे त्यात काही बिघडत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन तारखांतच साध्या अर्जाने ती सुधारून मिळते.

दुसरा प्रकार : माणसांची चूक

एखाद्या आवश्यक माणसाला पक्षकार केलेच नाही किंवा मयत माणसाच्या नावाने अर्ज केला, तर ती लिहिण्यातील चूक राहत नाही. ज्याला नोटीस मिळाली नाही त्याच्यावर निकाल बंधनकारक होत नाही, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे.

प्रकरण चालू असताना अर्जदार किंवा जाबदेणार मरण पावल्यास त्याचे वारस ९० दिवसांत दाखल करावे लागतात. ही मुदत टळली तर त्या पक्षापुरते प्रकरण आपोआप बंद पडते, आणि ते पुन्हा उघडण्यासाठी पुढील ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याहीनंतर आल्यास विलंब माफीचा वेगळा अर्ज व सबळ कारण लागते. हा दिवाणी दाव्यांचा हिशेब आहे. महसुली प्रकरणातही तोच धरून चालावे. घरात मृत्यू झाला की दशक्रिया, पुण्यानुमोदन यांत महिना निघून जातो, आणि वकिलांना कळवायचे राहते. म्हणून मृत्यूचा दाखला मिळताच त्याची एक प्रत वकिलांकडे पोहोचवावी.

वारस दाखल करताना मुली व बहिणी यांची नावे वगळू नयेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ बौद्धांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या सुधारणेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 'बहीण सासरी गेली, तिचे कशाला?' असे म्हणून नाव गाळणे हा बहिणीवर अन्याय तर आहेच, पण प्रकरणालाही ते घातक आहे. पुढे कधीही ती किंवा तिची मुले हरकत घेऊ शकतात आणि झालेला निकाल डळमळतो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी कायदेमंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या वारस यादीतून मुलींची नावे गळावीत हे आपल्याला शोभणारे नाही.

जमीनमालकाचे वर्णनही नीट पाहावे. १ एप्रिल १९५७ रोजी मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कलम ३२ फ प्रमाणे कुळाच्या खरेदीचा दिवस पुढे जातो आणि कुळाने विहित मुदतीत खरेदीचा इरादा कळवावा लागतो. 'मालक त्या दिवशी कोण होता?' या प्रश्नाचे उत्तर अर्जात चुकले तर पुढचा हिशेबच चुकतो.

तिसरा प्रकार : मागणीची चूक

चुकीच्या कार्यालयात चुकीची मागणी करणे हा तिसरा प्रकार. अर्जावर कलमाचा आकडा चुकीचा पडला, पण मजकूर बरोबर असेल व त्या अधिकाऱ्यांना ते अधिकार असतील, तर केवळ आकड्यामुळे अर्ज बाद होत नाही. परंतु 'मी कुळ आहे की नाही' हा प्रश्न थेट दिवाणी न्यायालयाने ठरवावा अशी मागणी केली तर ती चालत नाही. कलम ७० (ब) प्रमाणे तो अधिकार मामलेदारांचा आहे. कलम ८५ दिवाणी न्यायालयाला तेथे मज्जाव करते, आणि दाव्यात तसा प्रश्न निघालाच तर कलम ८५ अ प्रमाणे तो निर्णयासाठी महसुली अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो.

घर किंवा दुकानाच्या भाडेकरूंनीही येथे गल्लत करू नये. त्यांना शेतजमिनीचा कुळकायदा लागत नाही. ज्या शहरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (३१ मार्च २००० पासून अमलात) लागू आहे तेथील दावे लघुवाद न्यायालयात, आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. त्या कायद्याप्रमाणे थकबाकीच्या लेखी नोटिशीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावर भाडेकरूने ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरली तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. नोकरीनिमित्त नाशिक, मुंबईला भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

दुरुस्ती कधी मिळते, कधी नाही?

याबाबतचे तत्त्व आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच १९०९ साली किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा या प्रकरणात सांगून ठेवले आहे. समोरच्या पक्षावर अन्याय होत नसेल, आणि खऱ्या वादाचा निर्णय होण्यासाठी दुरुस्ती आवश्यक असेल, तर ती मंजूर करावी, असा त्याचा सारांश आहे. १९५७ साली पिरगोंडा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले. १९६९ साली जयजय राम मनोहर लाल प्रकरणात वादीचे नावच चुकीच्या पद्धतीने लिहिले गेले होते. तीही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. कार्यपद्धतीचे नियम न्यायाला मदत करण्यासाठी असतात, निव्वळ चूक झाली म्हणून पक्षकाराला शिक्षा करण्यासाठी नसतात, अशी त्यामागची भूमिका आहे.

मात्र १ जुलै २००२ पासून दिवाणी संहितेच्या आदेश ६ नियम १७ ला एक अट जोडली गेली. पुराव्याचे काम सुरू झाल्यानंतर दुरुस्ती मागणाऱ्याने, योग्य ती काळजी घेऊनही ही बाब आधी मांडता आली नाही, असे दाखवावे लागते. याशिवाय दुरुस्तीच्या नावाखाली मुदतबाह्य झालेली नवीच मागणी घुसवणे किंवा आधी दिलेली स्पष्ट कबुली मागे घेणे सहसा मंजूर होत नाही. म्हणून अर्ज दाखल केल्यावर तो बासनात बांधून ठेवू नये. पहिल्या तारखेच्या आत घरातील दोन शिकलेल्या माणसांनी तो पुन्हा वाचावा.

दुरुस्ती अर्ज कसा लिहावा?

बँकेत खाडाखोड केलेला चेक परत जातो आणि खातेवहीतील चुकीची नोंद कधी खरवडून काढत नाहीत. ती तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद टाकतात, म्हणजे काय चुकले व काय सुधारले हे दोन्ही दिसते. न्यायाधिकरणातही हीच रीत आहे. दाखल झालेल्या अर्जावर स्वतःच्या हाताने काहीही लिहू नये, पान बदलू नये, कारकुनाला गळ घालू नये. तसे केल्यास खरी गोष्टही बनावट ठरते.

दुरुस्ती अर्जात चार गोष्टी असाव्यात : चूक नेमकी कोठे आहे, त्याऐवजी काय वाचावे, चूक कशी झाली आणि कशाच्या आधारे दुरुस्ती मागतो. उदाहरणार्थ :

'मूळ अर्जाच्या परिच्छेद २ मध्ये जमिनीचे वर्णन स. नं. ८४/२ एवढेच लिहिले आहे. त्याऐवजी गट नं. १३१ (जुना स. नं. ८४/२), क्षेत्र ०.९१ हेक्टर असे वाचावे. एकत्रीकरणाचा उतारा दाखल करताना हाती नसल्याने ही चूक झाली. सदर उतारा सोबत जोडला आहे. या दुरुस्तीने मागणीत बदल होत नाही.'

(हे क्रमांक केवळ नमुन्यादाखल आहेत.) अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे, समोरच्या पक्षाला प्रत देऊन पोच घ्यावी आणि मंजुरी मिळाल्यावर मूळ अर्जात प्रत्यक्ष दुरुस्ती करून घ्यावी. हा शेवटचा टप्पा अनेकजण विसरतात. आदेशात मुदत दिलेली नसेल तर दिवाणी संहितेप्रमाणे १४ दिवसांत दुरुस्ती करावी लागते, अन्यथा मंजुरी मिळूनही उपयोग होत नाही. त्या दिवसाच्या रोजनाम्यात तशी नोंद झाल्याचे पाहावे.

निकालपत्रात किंवा सातबाऱ्यात चूक असेल तर?

निकालात हातून झालेली लेखनाची वा बेरजेची चूक असेल तर दिवाणी संहितेच्या कलम १५२ च्या तत्त्वावर ती केव्हाही सुधारता येते. परंतु निर्णयच चुकला आहे असे वाटत असेल तर ते काम अपिलाचे. येथे मोठा धोका आहे. लोक दुरुस्तीचा अर्ज देऊन वाट पाहत बसतात आणि अपिलाचे ६० दिवस निघून जातात. दुरुस्ती अर्ज दिल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. सही-शिक्क्याची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मात्र मुदतीतून वजा होतात. त्यासाठी नकलेवर अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची तारीख आहे ना, हे खिडकीवरच पाहून घ्यावे.

सातबाऱ्यातील लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली सुधारते. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकावर घेताना झालेल्या चुकाही याच कलमाखाली सुधारल्या जातात. २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले ते यासाठीच. मूळ फेरफार बरोबर असून सातबाऱ्यावर उतरवताना चूक झाली, असे दाखवता आले पाहिजे. मात्र हक्काचा वाद या कलमाखाली सोडवता येत नाही. 'कारकुनी चूक' म्हणून कोणी एखाद्या कुळाचे नाव कमी करू पाहील तर त्याला लेखी हरकत घ्यावी, आणि आपणही दुसऱ्याच्या हक्काला या मार्गाने हात लावू नये. कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून चुकीची नोंद 'राहू द्या, काय होते' म्हणून सोडून देऊ नये.

खर्चाचे काय?

पैशांअभावी दुरुस्ती टाळण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला असल्याने जातीचा दाखला असणाऱ्या बौद्ध बांधवांनाही ही सोय आहे. निफाड येथील न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

कागद जपावेत कसे?

आपले सायखेडा गोदाकाठी वसलेले. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांत सायखेडा व चांदोरी पाण्याने वेढले गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. पुरात धान्य जाते ते पुढच्या हंगामात येते, पण १९६० सालचा फेरफार, किंमत भरल्याच्या पावत्या आणि ३२ म चे प्रमाणपत्र भिजून गेले तर वारसांना नव्याने पायपीट करावी लागते. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत उंचावर ठेवावेत. त्यांच्या छायाप्रती उंच भागातील एखाद्या नातेवाइकाकडे द्याव्यात आणि मोबाइलवर फोटो काढून दोन मुलांकडे ठेवावेत. एका वहीत प्रकरणाचा क्रमांक, प्रत्येक तारीख व त्या दिवशी काय झाले हे लिहावे. वकील बदलला तरी ही वही कामी येते.

समारोप

भगवान बुद्धांच्या संघात वर्षावास संपताना पवारणा करण्याची प्रथा आहे. प्रत्येक भिक्खू संघापुढे येऊन, माझ्यात काही दोष दिसला, ऐकू आला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, मी तो सुधारीन, अशी विनंती करतो. दोष दाखवून घेण्यात संघाने कमीपणा मानला नाही. पंचशीलातील चौथे शीलही खोटे न बोलण्याचे आहे. अर्जाच्या शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' असे लिहून आपण सही किंवा अंगठा करतो, तेव्हा तेच शील आपण कागदावर पाळत असतो.

तेव्हा विहारात महिन्यातून एक रविवार कागद वाचनासाठी ठेवावा, अशी नम्र सूचना आहे. शिकलेल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या पेट्या उघडाव्यात, जुना सातबारा नव्याशी ताडून पाहावा, 'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' कोठे गळाले ते शोधावे, वारसांच्या यादीत आत्याचे नाव आहे का ते पाहावे आणि ज्या प्रकरणाची मुदत जवळ आली असेल त्या घराला त्याच दिवशी वकिलाकडे न्यावे. कायदा करून घेण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले. त्यांनी मिळवलेला हक्क एका चुकलेल्या आकड्यापायी जाऊ न देणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.

जयभीम!